कारभाऱ्याविना पडदा

श्रोतेहो, आपल्या घरातील दूरचित्रवाणी संचाजवळ एक लहानशी पेटी असते. तिला आपण सेट-टॉप बॉक्स म्हणतो. केबलवरील प्रक्षेपण अंकीय करण्याचा निर्णय झाला आणि ३१ ऑक्टोबर २०१२ या मुदतीने महानगरांत, पुढे ३१ मार्च २०१७ च्या मुदतीने देशभर, ही पेटी घरोघरी जाऊन बसली. छत्रीवरून कार्यक्रम घेणाऱ्यांच्या घरी तर ती त्याही आधी आली होती. आपण तिच्याकडे क्वचितच लक्ष देतो. रिमोटचे बटण दाबावे, वाहिनी बदलावी, एवढाच आपला आणि तिचा संबंध. परंतु ही पेटी म्हणजे एक संपूर्ण संगणक आहे. असंख्य पेट्यांत तर लिनक्स हीच कार्यप्रणाली चालते. हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टॉरवाल्ड्सने, १९९१ साली आरंभिलेली ही प्रणाली आज आपल्या बैठकीच्या खोलीत कोणताही गाजावाजा न करता राबत आहे.

मी संगणकशास्त्रज्ञ नव्हे. इतिहास घेऊन एम.ए. झालेला आणि गेली वीसएक वर्षे सरकारी टिपणांवर शेरे लिहिणारा मी एक अधिकारी आहे. मग या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय? अधिकार नाही, निमित्त आहे. आणि ते निमित्त माझ्या आईने दिले.

नोकरीमुळे आमचा मुक्काम भोपाळला आहे. आई आमच्याकडे असते. घरात नवी पेटी आली, तिच्यात भाषांची यादी होती आणि त्या यादीत मराठीही होती. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माणसाला अशा वेळी काय वाटते, हे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील श्रोत्यांना सांगायला नको. मी मोठ्या उत्साहाने मराठी निवडून रिमोट आईच्या हाती दिला. तिने चष्मा सावरला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, “अरे, हे काय लिहिलंय?” ‘माहिती’ या शब्दातील ‘हि’ची वेलांटी ‘ह’च्या आधी उभी राहण्याऐवजी त्याच्या मागे जाऊन ‘ती’च्या डोक्यावर चढली होती. ‘कार्यक्रम’ या शब्दातला रफार ‘य’च्या माथ्यावर जाण्याऐवजी पाय मोडलेला ‘र’ होऊन जागच्या जागीच पडला होता. आईने रिमोट खाली ठेवला. “हे लिहिणाऱ्याला मराठी येत नसावं,” ती म्हणाली. आणि त्या दिवसापासून ती वाहिनी बदलण्यासाठी कोणाला तरी हाक मारू लागली.

माझा भाचा पुण्याला अशाच पेट्यांसाठी आज्ञावली लिहिण्याचे काम करतो. दिवाळीला तो आला, तेव्हा आईने त्याच्यापुढे तक्रार मांडली. त्याने पडदा पाहिला आणि तो हसून म्हणाला, “आजी, लिहिणाऱ्याला मराठी येत असेल. काढणाऱ्याला येत नाही.” लिहिणारा आणि काढणारा हे दोघे निराळे असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पुढचे चार दिवस मी त्याला प्रश्न विचारीत होतो. आज जे सांगणार आहे, ते बहुतांशी त्या चार दिवसांचे देणे आहे.

आपल्या मेजावरच्या संगणकावर एकाच वेळी अनेक खिडक्या उघड्या असतात. एकीत पत्र, दुसरीत हिशेब, तिसरीत चित्र. या सर्व कार्यक्रमांनी एकाच पडद्यावर आपापल्या मर्जीने रेघोट्या मारल्या, तर गोंधळ माजेल. म्हणून मध्ये एक कारभारी असतो. त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. कोणी कोठे चित्र काढावे, कोणाची खिडकी वर आणि कोणाची खाली, दाबलेली कळ कोणाच्या कानी घालायची, हे सारे तो ठरवितो. लिनक्सच्या जगात हे काम दीर्घकाळ केले ते ‘एक्स’ या प्रणालीने. १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी तिचा पाया घातला. तिच्या आधीच्या प्रणालीचे नाव ‘डब्ल्यू’ होते. इंग्रजी वर्णमालेतले त्याच्या पुढचे अक्षर ते हिचे नाव झाले. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाली आणि आजही ती अनेक संगणकांवर चालू आहे. कार्यक्रम एका यंत्रावर चालावा आणि त्याचे चित्र दूरच्या दुसऱ्या यंत्रावर उमटावे, अशी तिची मूळ योजना. विद्यापीठासाठी ती फार सोयीची होती.

परंतु बैठकीतील पेटीला हा कारभारी परवडत नाही. तिच्यात स्मरण बेताचे, प्रक्रियक साधा आणि किंमत कमी ठेवण्याची सक्ती. बटण दाबताच चित्र दिसावे, ही प्रेक्षकाची अपेक्षा. कारभारी जागा होऊन पागोटे बांधीपर्यंत थांबायला कोणी तयार नसते. शिवाय त्या पडद्यावर खिडक्याच नसतात. एकच कार्यक्रम संपूर्ण पडदा व्यापून असतो. ज्या घरात एकच भाडेकरू आहे, तेथे चाळीचा व्यवस्थापक कशाला नेमायचा? म्हणून पेटी बनविणाऱ्यांनी कारभाऱ्याला रजा दिली आणि कार्यक्रमाने थेट पडद्याशी बोलावे, असे ठरविले.

थेट बोलावे म्हणजे काय करावे? लिनक्समध्ये यंत्राचा प्रत्येक अवयव शक्य तो फाईलच्या रूपाने समोर येतो. हे ऐकताच माझे कान टवकारले. फाईल हा आमच्या खात्याचा जिव्हाळ्याचा विषय. पडद्याचीही एक फाईल असते. तिच्या मागच्या स्मरणपटाला फ्रेमबफर म्हणतात. पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला या स्मरणात बहुधा चार बाइट. त्यांत तांबडा, हिरवा आणि निळा रंग किती, याचे आकडे भरले की ठिपका उजळतो. भाच्याने माझ्या जुन्या मांडीवरच्या संगणकावर डेस्कटॉप नसलेले लिनक्स बसवून दिले आणि म्हणाला, “मामा, एक चौरस काढून दाखवा.”

गणित सोपे वाटले. पडदा १३६६ ठिपके रुंद. प्रत्येकी चार बाइट. म्हणजे एक ओळ ५४६४ बाइटांची. ओळीचा क्रमांक गुणिले ५४६४, अधिक स्तंभाचा क्रमांक गुणिले चार, हा ठिपक्याचा पत्ता. मी आज्ञावली लिहिली, चालविली आणि पडद्यावर चौरसाऐवजी तिरके पट्टे उमटले. तासभर मी माझ्या गुणाकारात चूक शोधली. चूक गुणाकारात नव्हती. यंत्राच्या सोयीसाठी स्मरणातील ओळ चौसष्टच्या पटीत ठेवलेली होती, म्हणजे ती ५५०४ बाइटांची होती. दर ओळीमागे चाळीस बाइट, म्हणजे दहा ठिपके, न दिसणारे. प्रत्येक ओळीगणिक माझे चित्र दहा ठिपके डावीकडे घसरत होते. ओळीची खरी लांबी यंत्राला विचारायची असते, ती स्वतः गृहीत धरायची नसते. कारभारी असता तर त्याने ती परस्पर विचारली असती आणि मला कळलेही नसते.

दुसरी अडचण हालत्या चित्राची. मोठ्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. एक संपूर्ण चित्र सुमारे ८३ लाख बाइटांचे. सेकंदाला पन्नास चित्रे दाखवायची, तर प्रत्येकासाठी वीस सहस्रांश सेकंद आणि सेकंदाला एकेचाळीस कोटींहून अधिक बाइटांची ने-आण. यंत्र पडदा वरून खाली रंगवीत असतानाच आपण स्मरणात नवे चित्र भरू लागलो, तर वरचा भाग जुना आणि खालचा नवा, असे फाटलेले चित्र दिसते. यावर उपाय जुना आहे. दोन पट ठेवायचे. एक दाखविला जात असताना दुसरा रंगवायचा आणि दोन चित्रांमधल्या क्षणभराच्या विश्रांतीत अदलाबदल करायची. नाटकात अंधार झाल्यावर देखावा बदलतात, तसेच. ही अदलाबदलही पूर्वी कारभारी सांभाळीत असे.

फ्रेमबफरचा हा मार्ग सोपा, पण तोकडा. या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये ‘डिरेक्टएफबी’ नावाचे एक सुटसुटीत साधन तयार झाले. अनेक पेट्यांनी त्याचा वर्षानुवर्षे आधार घेतला. खरा पालट झाला तो मार्च २००९ मध्ये. तोवर पडद्याचा आकार आणि गती ठरविण्याचे काम बव्हंशी एक्स हा कारभारीच करीत असे. त्या महिन्यात लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.२९ या आवृत्तीने ते काम आपल्याकडे घेण्यास प्रारंभ केला. पडद्याच्या किल्ल्या कारभाऱ्याच्या कमरेवरून मालकाकडे आल्या. आता कोणताही एक कार्यक्रम कर्नलकडे जाऊन सांगू शकतो की, या पडद्याचा ताबा मला द्या. मात्र ताबा एका वेळी एकालाच मिळतो.

या नव्या पद्धतीत दोन गोष्टी मला विशेष आवडल्या. पहिली थरांची. पेटीतील यंत्रात चित्राचे निरनिराळे थर असतात. चालू चित्रपट खालच्या थरावर, आणि आपण बटण दाबताच उगवणारी यादी वरच्या अर्धपारदर्शक थरावर. दोन्ही थर एकमेकांवर घालण्याचे काम यंत्र स्वतः करते. त्यामुळे यादी दाखविताना खालच्या चित्रपटाचा एकही ठिपका आज्ञावलीला हलवावा लागत नाही. काचेवर अक्षरे लिहून ती काच चित्रावर धरावी, तसा हा प्रकार. म्हणून तर साध्या प्रक्रियकाची पेटीही सुरेख चित्र दाखविते.

दुसरी गोष्ट २०१५ मध्ये स्थिरावली. पडद्यातील अनेक बदल एकाच प्रस्तावात मांडायचे. ते सर्व एकत्र मंजूर होतील किंवा सर्व एकत्र नामंजूर. अर्धवट अंमलबजावणी नाही. इतकेच नव्हे, तर हा प्रस्ताव मान्य होईल काय, असे आधी विचारूनही पाहता येते. श्रोतेहो, एका सरकारी अधिकाऱ्याला या व्यवस्थेचा किती हेवा वाटला असेल, याची आपण कल्पना करू शकाल.

येथवर ऐकून आपल्याला वाटेल की, कारभाऱ्याला काढले हे उत्तमच झाले. मलाही तसेच वाटले होते. पण हळूहळू एकेक पाहुणा दारात येऊ लागला. रिमोटचे बटण दाबले, की कर्नल एक नोंद करतो: वेळ, प्रकार, कळीचा क्रमांक आणि अवस्था. एक म्हणजे दाबली, शून्य म्हणजे सोडली, दोन म्हणजे दाबून धरली आहे. ती नोंद वाचायची कोणी? कार्यक्रमाने. आता यादीतील कोणत्या ओळीवर प्रकाश आहे आणि उजवीकडचा बाण दाबल्यास तो कोठे जावा, हे ठरवायचे कोणी? कार्यक्रमाने. पेटीला उंदीर नसतो, म्हणजे संगणकाचा माऊस नसतो. चार बाण आणि एक ‘ओके’ यांवर सारा संसार. एका चौकटीतून बाहेर पडण्याची वाट ठेवायला विसरलात, तर प्रेक्षक तेथेच कोंडला जातो. कार्यक्रम मध्येच कोसळला, तर शेवटचे चित्र तसेच गोठून राहते. ते ओळखून कार्यक्रम पुन्हा सुरू करणारा एक पहारेकरीही ठेवावा लागतो.

आणि सर्वांत शेवटी येतात अक्षरे. मेजावरच्या संगणकात डेस्कटॉपबरोबर अक्षरे जुळविणारा सारा सरंजाम आयता येतो. कारभाऱ्याबरोबर तो सरंजामही पेटीतून गेला, आणि फार थोड्यांच्या ते ध्यानात आले. इंग्रजी अक्षरांचे तेवढ्यावाचून अडत नाही. ती एकापुढे एक ठेवली की शब्द होतो. देवनागरीचे तसे नाही. युनिकोड या संकेतपद्धतीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर साठविली जाते. पण लिहिताना ती व्यंजनाच्या आधी येते. रफार आधी उच्चारला जातो, पण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘क’ आणि ‘ष’ मिळून ‘क्ष’ होतो. साठविण्याचा क्रम आणि काढण्याचा क्रम यांतील हे अंतर कोणीतरी भरून काढावे लागते. आमच्या पेटीतील आज्ञावली केवळ फ्रीटाइपसारख्या साधनाने एकेक अक्षराकृती काढीत असावी. तिने म, काना, ह, वेलांटी, त, दीर्घ वेलांटी अशी रांग लावली आणि आईने चष्मा सावरला. भाच्याचे म्हणणे हेच होते. शब्द बरोबर लिहिलेला होता. काढणाऱ्याला मराठी येत नव्हते.

यावरचे औषध दुर्मीळ नाही. हार्फबझ नावाचे मुक्त साधन नेमके हेच काम करते, आणि त्याला कोणताही डेस्कटॉप लागत नाही. आपल्याकडेही हा विचार जुना आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि तेथील जिस्ट या गटाने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम पुढे नेले. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानकही ठरले. ज्ञान उपलब्ध होते. पेटी बनविताना ते कोणाला आठवले नाही, इतकेच.

मराठीचे तर याहूनही काही मागणे असते. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द घ्या. एक विद्यादान करणारा, दुसरा स्वयंपाक करणारा. दोहोंतील फरक ‘र’च्या एका आकृतीचा. संकेतपद्धतीत त्याची निराळी सोय आहे. पण टंकात ती आकृती हवी आणि जुळविणाऱ्याला ती ठाऊक हवी. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण हिंदीहून भिन्न. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला प्रमाणित करताना आपले वळण नमूद केले. काही टंकांत दोन्ही वळणे असतात. मजकूर मराठी आहे, असे जुळविणाऱ्याला सांगितले की तो योग्य वळण निवडतो. सांगितलेच नाही, तर तो बहुधा हिंदीचे वळण घेतो. त्यात त्याचा दोष नाही.

मग कारभारी परत आणावा काय? काही ठिकाणी तो परत आलाही आहे. आजच्या पेटीवर अनेक कंपन्यांचे चित्रपट-कार्यक्रम एकत्र नांदतात. भाडेकरू वाढले की व्यवस्थापक हवाच. अमेरिकेतील कॉमकास्ट या कंपनीने २०१२ मध्ये पुढे आणलेल्या आरडीके या पेट्यांच्या प्रणालीत एक छोटा कारभारी आहे. २००८ साली क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी आरंभिलेल्या वेलँड या नव्या संकेतांवर तो चालतो. उलट, एकच कार्यक्रम असेल, तर क्यूटीसारखी साधने २०१२ च्या पाचव्या आवृत्तीपासून कारभाऱ्यावाचून थेट पडद्यावर चालतात आणि अक्षरजुळणी आपल्याबरोबर आणतात. कोणता मार्ग घ्यावा, हे घरातील माणसे मोजून ठरवावे.

मला यातून जे उमगले, ते एका वाक्यात सांगतो. कारभारी काढता येतो; कारभार काढता येत नाही. आमच्या खात्यातही मी हे पाहिले आहे. एखादी शाखा अनावश्यक म्हणून बंद होते, खर्च वाचतो, सर्वांना समाधान वाटते. आणि वर्षभराने ध्यानात येते की, त्या शाखेतील एक वयस्क कारकून कोणी न सांगता दर सोमवारी एक यादी तपासून ठेवीत असे, आणि आता कोणा विधवेचे निवृत्तिवेतन तीन महिने अडले आहे. शाखा बंद करणे चूक नव्हते. बंद करण्यापूर्वी तो कारकून काय काय करतो, हे त्याला विचारले नाही, ही चूक होती. पेटीच्या बाबतीत तेच घडले. विधवेच्या जागी येथे माझी आई होती.

भाच्याने जाण्यापूर्वी माझ्या जुन्या संगणकावर हार्फबझ बसवून दिले आणि त्याची तार दूरचित्रवाणी संचाला जोडली. मी डेस्कटॉपवाचून, माझ्या हातांनी, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘माहिती’ हा शब्द काढला. आईने तो वाचला आणि म्हणाली, “हं, आता मराठी झालं.” माझ्या आजवरच्या कोणत्याही टिपणावर इतका समाधानकारक शेरा पडलेला नाही.

पेटीविषयी मी रीतसर पत्र लिहिले, सोबत ठिकठिकाणचे चुकीचे शब्द आणि त्यांची योग्य रूपे जोडली. कित्येक महिन्यांनी एका रात्री पेटीने आपली आज्ञावली आपोआप नवी करून घेतली. सकाळी वेलांटी आपल्या जागी होती, रफार आपल्या जागी होता. आई आता वाहिनी स्वतः बदलते. मात्र परवाच एका पाककृतीच्या कार्यक्रमाची माहिती वाचताना ती मला हाक मारून म्हणाली, “अरे, या बाईंनी भाजी आचार्यांकडून करून घेतली म्हणे!” म्हणजे एक पत्र अजून लिहावयाचे आहे.